सायकल कडेने चालवावी, पण किती कडेने?

“डॉक्टर, मी अगदी कडेनेच चाललो होतो हो!” सायकलवरून पडून आलेल्या रुग्णांच्या तोंडून हे वाक्य मी वर्षानुवर्षे ऐकत आलो आहे. गळीत हंगाम सुरू होऊन उसाच्या ट्रॉल्या धावू लागल्या, की मोडलेली मनगटे आणि निखळलेले खांदे दवाखान्यात येऊ लागतात. या मंडळींचे म्हणणे खोटे नसते. ती खरोखरच कडेने चाललेली असतात. माझ्या मते दुखणे तिथेच आहे. ती फार कडेने चाललेली असतात.

आपले रस्ते पाहा. डांबराचे थर चढत जातात, साईडपट्टी मात्र खालीच राहते. त्यामुळे कडेला तीन-चार इंचांची पायरी तयार होते. कडेला चिकटून चालणाऱ्याचे चाक तिथून खाली घसरते. घाबरून तो हँडल वळवतो आणि वर येऊ पाहतो. चाक पायरीला घासते आणि स्वार साईडपट्टीवर न पडता थेट मागच्या वाहनापुढे पडतो. म्हणून चाक खाली गेलेच, तर वर चढण्याची घाई करू नये. सरळ पुढे जाऊन थांबावे, उतरावे आणि मागे पाहून मगच सायकल वर घ्यावी.

दुसरे कारण मनुष्यस्वभावाचे. सायकल अगदी कडेला दिसली, की मागच्या चालकाला वाटते, भरपूर जागा आहे. समोरून एसटी येत असली तरी तो मधून वाहन काढतो. तेव्हा डांबराच्या कडेपासून सुमारे दोन फूट आत, सरळ रेषेत चालावे. खड्डा दिसल्यास ऐनवेळी वळू नये. आधीच मागे पाहून, हात दाखवून बाजूला व्हावे. बाजारपेठेत उभ्या जीपपासून तीन फूट अंतर ठेवावे, कारण दार कधी उघडेल याचा नेम नसतो. मोठ्या रस्त्याला रुंद, पक्की साईडपट्टी असेल, तर मात्र तिचाच वापर करावा.

“समोरचे वाहन दिसावे म्हणून आम्ही उजवीकडून जातो,” असे काही जण सांगतात. पायी चालणाऱ्याला हे ठीक, सायकलला नव्हे. सायकलचा वेग ताशी १५ आणि ट्रकचा ५० किलोमीटर धरा. ट्रक मागून येत असेल, तर वेगातला फरक ३५ चा. समोरून आल्यास दोन्ही वेग मिळून ६५ होतात. सावरायला वेळच उरत नाही.

वळणाऱ्या ट्रकच्या किंवा ट्रॉलीच्या डाव्या अंगाने कधीही पुढे घुसू नये. मागची चाके पुढच्या चाकांपेक्षा आतून वळतात आणि चालकाला तुम्ही दिसत नाही. अंधारात मागे लाल रिफ्लेक्टर आणि अंगात फिके कपडे हवेतच. कॅरिअरवरच्या पिशवीने रिफ्लेक्टर झाकला जात नाही ना, हेही पाहावे. मुलांच्या डोक्यावर हेल्मेट असावे.

वाहनचालकांनाही माझे सांगणे आहे. २०२२ साली देशात रस्ते अपघातांत १,६८,४९१ माणसे दगावली. वेग दुप्पट झाला, की धडकेतली ऊर्जा चौपट होते. सायकल ओलांडताना किमान तीन फूट जागा सोडा. जागा नसेल, तर क्षणभर मागे थांबा.

अपघात झालाच, तर जखमीला हातपाय धरून उचलू नका. मानेला इजा झालेली असू शकते. पाणी पाजू नका. वाहत्या जखमेवर स्वच्छ कापड दाबून धरा आणि १०८ ला फोन करा. मदत करणाऱ्याला कायद्याने २०१९ पासून संरक्षण आहे. डोक्याला मार लागल्यावर उलट्या, गुंगी, बडबड किंवा वाढती डोकेदुखी दिसली, तर ताबडतोब रुग्णालय गाठा, मग सुरुवातीला माणूस कितीही ठीक वाटो.

आणि पालकहो, मुलाला सायकल घेऊन दिलीत, की एकदा शाळेपर्यंत त्याच्या मागोमाग स्वतः सायकलवरून जा. पायरी कुठे आहे, पूल कुठे अरुंद आहे, कुठे उतरून चालायचे, हे त्याला तिथेच दाखवा.