38 लाखांची मागणी, 663 डॉलरचा भरणा

अमेरिकेच्या काँग्रेसने 1786 मध्ये 13 राज्यांकडे 38 लाख डॉलर मागितले. तिजोरीत जमा झाले 663 डॉलर, म्हणजे दर दहा हजारांमागे दोनही नाहीत. ऑक्टोबर 1781 मध्ये 80 लाखांची मागणी झाली होती. तिच्यापोटी 1783 अखेर 15 लाखांच्या आत, म्हणजे 19 टक्क्यांहून कमी रक्कम आली होती. वसुली तेव्हाही अपुरीच होती. पाच वर्षांत ती जवळजवळ थांबली.

1 मार्च 1781 रोजी लागू झालेल्या 'आर्टिकल्स ऑफ कॉन्फेडरेशन' या पहिल्या घटनेने काँग्रेसला युद्ध, तह आणि कर्ज यांचे अधिकार दिले, कराचा दिला नाही. राज्याने हिस्सा भरला नाही तर वसुलीची तरतूद नव्हती. त्यामुळे कर्ज फिटले नाही: नंतरच्या नव्या सरकारचे अर्थमंत्री हॅमिल्टन यांनी जानेवारी 1790 मध्ये मांडलेल्या हिशेबात देशांतर्गत कर्जाचे मुद्दल 2.74 कोटी डॉलर आणि थकलेले व्याज 1.30 कोटी होते. सैनिकांना पगारापोटी दिलेले रोखेही याच खात्यात होते.

मतदानाचे गणित तितकेच अडचणीचे होते. प्रत्येक राज्याला एक मत. 1790 च्या जनगणनेत व्हर्जिनियाची लोकसंख्या सुमारे 7.47 लाख (त्यांतले 2.93 लाख गुलाम), डेलावेअरची 59 हजार. युद्ध, तह, कर्ज अशा विषयांना नऊ मते लागत, म्हणजे पाच राज्ये निर्णय रोखू शकत. सर्वांत लहान पाच राज्यांत देशाची जेमतेम 14 टक्के लोकसंख्या होती.

विरोध नसतानाही नऊचा आकडा जुळत नसे. स्वातंत्र्याला ब्रिटनची मान्यता देणारा पॅरिसचा तह 3 सप्टेंबर 1783 रोजी झाला. मंजुरीपत्रांची सहा महिन्यांत देवाणघेवाण करायची होती. डिसेंबरच्या मध्यात ॲनापोलिसला भरलेल्या काँग्रेसमध्ये सातच राज्ये हजर होती. किमान दोन प्रतिनिधी असल्याशिवाय राज्याचे मत धरले जात नसे आणि दक्षिण कॅरोलिनाचे दुसरे प्रतिनिधी रिचर्ड बेरेसफर्ड फिलाडेल्फियात आजारी होते. कनेक्टिकटचे प्रतिनिधी पोहोचले, बेरेसफर्ड आजारपणातून उठून आले, तेव्हा 14 जानेवारी 1784 रोजी नऊ राज्ये भरली. तह एकमताने मंजूर झाला.

माझ्या मते सर्वांत घातक आकडा 13 पैकी 13 हा होता. घटनादुरुस्तीला सर्व राज्यांची संमती लागे, त्यामुळे बाकीचे दोष दुरुस्त करण्याची वाटच बंद झाली. आयातीवर 5 टक्के जकात बसवण्याचा प्रस्ताव 1782 मध्ये ऱ्होड आयलंडच्या विधिमंडळाने 53 विरुद्ध 0 मतांनी फेटाळला. देशाच्या दोन टक्क्यांहून कमी लोकसंख्येचे हे राज्य होते. 1783 ची सुधारित योजना न्यूयॉर्कपाशी अडली.

1787 च्या फिलाडेल्फिया अधिवेशनाने हा अडसर बाजूला सारला: नवी घटना लागू व्हायला 13 पैकी नऊ राज्ये पुरेशी ठरवली. खुद्द जुन्या घटनेत याला आधार नव्हता. नव्या सरकारने 1789 ते 1791 या काळात सुमारे 44 लाख डॉलर जमवले, त्यांतले 99 टक्क्यांहून अधिक आयात जकातीतून. जो कर दोनदा बारगळला होता, त्याच्यावरच नवी तिजोरी उभी राहिली. ऱ्होड आयलंडने नव्या घटनेला सर्वांत शेवटी, 29 मे 1790 रोजी मान्यता दिली. त्याआधी अकरा दिवस सिनेटने त्या राज्याशी व्यापार बंद करणारे विधेयक मंजूर केले होते. ऱ्होड आयलंडच्या मान्यतेला मते पडली 34 विरुद्ध 32.