डीपीएफचा दिवा लागला? फिल्टर बदलण्याआधी हे तपासा



हप्त्यावर डिझेल व्हॅन घेतलीय. सकाळी माल भरलाय, गिऱ्हाइकाचे फोन सुरू आहेत, आणि डॅशबोर्डवर पिवळा दिवा लागतो. गाडी ओढत नाही. गॅरेजवाला म्हणतो, "डीपीएफ गेला, नवीन टाका." दुसरा म्हणतो, "काढूनच टाका, कटकट संपेल." अशा वेळी तुम्ही काय कराल?

आमच्या बॅचमधल्या एका बेकरीवाल्या दादांवर पुण्यात हीच वेळ आली होती. त्यांचं काय झालं ते शेवटी सांगतो. आधी विषय समजून घेऊ.

डीपीएफ करतो काय?

१ एप्रिल २०२० पासून आपल्याकडे बीएस-६ नियम लागू झाले. तेव्हापासून डिझेल गाड्यांच्या धुराच्या वाटेत हा फिल्टर आला. तो काजळी अडवतो. साठलेली काजळी जाळायला साधारण ६०० अंश तापमान लागतं. त्यासाठी गाडीचा कॉम्प्युटर थोडं जादा डिझेल सोडून फिल्टर तापवतो. यालाच रीजनरेशन म्हणतात.

हायवेवर हे काम आपोआप होतं. पण आपली गाडी दोन किलोमीटर जाते, बंद होते, पुन्हा सुरू होते. मग काजळी जळणं अर्धवट राहतं आणि फिल्टर चोक होतो.

कसं तपासायचं?

१. दिवा कोणता ते बघा. फक्त डीपीएफचा दिवा असेल, तर गाडीसोबत मिळालेलं पुस्तक उघडा. बहुतेक वेळा मोकळ्या रस्त्यावर न थांबता १५-२० मिनिटं चालवल्यावर तो जातो. चेक इंजिनचा दिवाही लागला असेल किंवा पिकअप गेला असेल, तर गाडी ताणू नका.

२. डिपस्टिक काढा. ऑइलची लेव्हल वाढलीय आणि डिझेलचा वास येतोय? म्हणजे अर्धवट रीजनरेशनचं डिझेल ऑइलमध्ये उतरतंय. आधी ऑइल बदला, नाहीतर इंजिनच बसेल. नवीन ऑइल डीपीएफसाठी चालणारं, कमी राखेचंच घ्या. काजळी जळते, पण ऑइलची राख जळत नाही, ती फिल्टरमध्येच साठते.

३. स्कॅनर लावून घ्या. पी २४६३ कोड आला तर त्याचा अर्थ "काजळी जास्त साठली" एवढाच. फिल्टर मेला असा नाही. फिल्टरच्या दोन बाजूंच्या दाबातला फरकही बघायला सांगा. इंजिन बंद आणि चावी ऑन असताना तो शून्याच्या आसपास हवा. नसेल तर सेन्सरवर संशय घ्या. सेन्सरला जाणाऱ्या बारीक नळ्या तडकल्यात का, निसटल्यात का, तेही बघा.

४. काजळी का वाढली ते शोधा. तुंबलेला एअर फिल्टर, टर्बोचा फुटलेला पाइप, अडकलेला ईजीआर व्हॉल्व्ह, गळणारा इंजेक्टर. यातलं काही असेल तर नवीन फिल्टरही पुन्हा भरणारच.

कारण दुरुस्त झालं की मगच स्कॅनरने रीजनरेशन करून घ्या. फिल्टर खूप तापतो, त्यामुळे गाडी वाळक्या गवतावर किंवा बंद शेडमध्ये उभी करू नका. आत राखच भरली असेल किंवा फिल्टर फुटला असेल, तरच साफसफाईचा किंवा बदलण्याचा विचार करा.

आणि फिल्टर काढून टाकायचा सल्ला? अजिबात ऐकू नका. ते बेकायदेशीर आहे आणि वॉरंटीही हातची जाते.

बेकरीवाल्या दादांचं काय झालं?

स्कॅनरवर दिसलं की अर्धा तास चालवूनही इंजिन नीट गरम होत नव्हतं. थर्मोस्टॅट उघडाच अडकला होता. इंजिन गरम नाही, म्हणून रीजनरेशन नाही, म्हणून काजळी. थर्मोस्टॅट बदलला, रीजनरेशन केलं, गाडी लाइनवर आली. आता ते आठवड्यातून एकदा लांबची ऑर्डर मुद्दाम स्वतःच्या गाडीने पोचवतात. नवीन फिल्टरच्या मानाने थर्मोस्टॅट किरकोळ खर्चात झाला. थेट फिल्टर बदलला असता, तर पैसे गेले असते आणि दिवा पुन्हा लागला असता.

धंद्यातही असंच असतं. विक्री घसरली की आपण लगेच जाहिरातीवर पैसे ओततो, कारण शोधत नाही. तेव्हा पुढच्या वेळी गॅरेजमध्ये "किती खर्च येईल?" या प्रश्नाआधी एक प्रश्न नक्की विचारा: "भाऊ, काजळी साठली का?" उत्तर मिळेपर्यंत खिशात हात घालू नका.

तुमच्या गाडीला असा त्रास झाला असेल, तर कमेंटमध्ये जरूर सांगा. भेटू पुढच्या व्हिडिओत!