परसातील तळे आणि मौरला

बंगालमधील खेड्यांत घरामागे पुष्कळदा एक लहानसे तळे असते. त्यास ‘खिडकी पुकुर’ म्हणतात. बंगालीत ‘खिडकी’ म्हणजे आपले परसदार. त्यात रोहू, कटला, मृगळ यांची पिले सोडतात. हे मासे साचलेल्या पाण्यात अंडी घालीत नाहीत. १९५७ साली कटक येथे हिरालाल चौधुरी यांनी पोष ग्रंथीचा अर्क टोचून त्यांचे प्रजनन घडवून आणले आणि पुढे मत्स्यबीज मुबलक मिळू लागले. बीज सोडण्यापूर्वी तळ्यात मोहाची पेंड कालवावयाची, म्हणजे तीतील सॅपोनिनमुळे आधीचे सर्व मासे मरतात, असा शास्त्रशुद्ध मत्स्यपालनाचा पाठ होता.

या सफाईत मौरला नाहीसा होई. बोटभर लांबीचा हा रुपेरी मासा तणासारखा निरुपयोगी मानला जाई. ही समजूत घातक होती. मौरला काट्यांसह खातात, त्यामुळे कॅल्शियम मिळते. अ जीवनसत्त्व तर मुख्यतः त्याच्या डोळ्यांत व आतड्यांत असते. डोके काढून शिजविल्यास बराच लाभ वाया जातो. ज्या घरातील मुलांना रातांधळ्याचा धोका आहे, तेथे ही गोष्ट क्षुल्लक नव्हे.

मौरला सोबत ठेवल्याने मोठ्या माशांचे उत्पन्न फारसे घटत नाही, असे बांगलादेशातील प्रयोगांत आढळले. तो तळ्यातच वाढतो. दरवर्षी बीज विकत घ्यावे लागत नाही. मात्र दाटी होऊ नये म्हणून बारीक जाळ्याने तो वरचेवर काढीत राहावे. हा मासा हाताळणीत फार नाजूक असतो. तेव्हा पहिले मासे जवळच्याच तळ्यातून, सकाळच्या गारव्यात आणलेले बरे.