अर्ध्या दिवसाचा खाडा

पहाटे 4:50
करोल बागेतल्या गल्लीत खाली गलाईचं दुकान, वर माळा. माळ्यावर चार जण झोपलेले. फोन वाजतो तसे तात्या तो घेऊन जिन्यात येतात, बाकीच्यांची झोप मोडू नये म्हणून.

पलीकडे शाहदऱ्याची एक बाई. मराठी, विट्याकडची. नवरा कूचा महाजनीत चांदी गाळतो. काल दुपारी त्यानं देवापुढे हात ठेवून दारू सोडली. आता हात असे कापतायत की पाण्याचा तांब्या धरवत नाही.

तात्या देवाबद्दल बोलत नाहीत. "शेवटचा घोट कवा? रोज किती लागायची? फिट आली का? नसलेलं काही दिसतंय का?" उत्तरं ऐकतात. मग सांगतात, "पोरी, त्याला कोंडू नकोस. एकटा सोडू नकोस. त्याचं आधार कार्ड काढून ठेव. मी निघालो."

रोज पिणाऱ्यानं एकदम थांबवली की सहा-आठ तासांत कापरं भरतं. पहिल्या दोन दिवसांत फिट येऊ शकते. त्यानंतर भ्रम, ताप, आणि उपचार नसले तर मरणसुद्धा. दारू सोडावी हे घरातलं सगळ्यांना कळतं. खोलीला कडी घालून सोडवू नये, हे फोन करणाऱ्या दहा घरांपैकी नऊ घरांना माहीत नसतं, असा तात्यांचा अंदाज.

तात्या हे त्यांचं नाव नव्हे. दारू सोडू पाहणाऱ्यांच्या ज्या संघटनेत ते आहेत, त्या अल्कोहोलिक्स ॲनॉनिमसमध्ये छापील मजकुरात खरं नाव द्यायचं नाही, ही रीत आहे. वय पन्नाशीच्या पुढे. सतराव्या वर्षी खानापूर तालुक्यातून दिल्लीला आले, सोनं-चांदी गाळायला, तिकडची पोरं देशभर जातात तसे. दारू सुटून 11 वर्षं झाली. पुण्याच्या मुक्तांगणात 35 दिवस काढले होते. अनिल आणि डॉ. अनिता अवचटांनी 1986 साली सुरू केलेलं ते केंद्र. "तिथनं बाहेर पडलो आणि दिल्लीत परत येऊन मीटिंग धरली. आजवर धरूनच आहे."

पहाटे 5:30
शेठ खालच्या मजल्यावर दात घासतायत. तेही त्याच तालुक्यातले. तात्या म्हणतात, "दुपारपर्यंत येतो." शेठ मान हलवतात. पगार 18,000, राहणं-जेवण दुकानाकडे. अर्धा दिवस गेला की 300 कापले जातात. याबद्दल दोघांत कधी भांडण नाही. आजारपणाचा खाडा आणि हा खाडा शेठच्या वहीत एकाच खुणेनं मांडलेला असतो.

पिशवीत काय घेतलं, ते मी पाहिलं. पाण्याच्या दोन बाटल्या, ग्लुकोज बिस्किटं, जुना टॉवेल, ओकारीसाठी प्लास्टिकच्या पिशव्या, एक पेन. पेन सर्वात महत्त्वाचं. हॉस्पिटलच्या खिडकीपुढे ते कुणाकडेच नसतं.

सकाळी 6:10
अशा कामाला एकट्यानं जायचं नाही. म्हणून राजेंद्र नगरचे एक पंजाबी गृहस्थ सोबत आहेत, बँकेतून निवृत्त झालेले. सगळे त्यांना भाईसाहब म्हणतात. करोल बागेहून निळी मेट्रो, राजीव चौकात पिवळी, काश्मिरी गेटला लाल. जाण्या-येण्याचा खर्च ज्याचा त्यानं करायचा. संस्थेचा पैसा यात येत नाही.

सकाळी 7:00
शाहदऱ्यात एक खोली, चौथ्या मजल्यावर. तो पलंगाच्या कडेला बसलाय. घामानं बनियन चिकटलेलं, वय पस्तिशीच्या आत. दोघांना पाहून म्हणतो, "मी काय बेवडा न्हाई."

"मी हाय," तात्या म्हणतात, आणि खाली फरशीवर बसतात.

पुढची वीस मिनिटं तात्या फक्त स्वतःचं सांगतात. पहिला पगार कुठल्या ठेक्यावर गेला. मुलीच्या बारशाला कसे पोचलेच नाहीत. एकदा मूस हातातून कशी निसटली, आणि शेठचं किती सोनं राखेत गेलं. त्याला 'तू असं कर' एकदाही म्हणत नाहीत. मी नंतर विचारलं तेव्हा म्हणाले, "सल्ला त्याला बायको देते, सासरा देतो, शेठ देतो. ढिगानं पडलाय. आणखी मी कशाला घालू?"

मग त्यानंच विचारलं, "फिट येती काय खरंच?"

गाझियाबादच्या व्यसनोपचार केंद्रात जायचं, पण दिल्लीची रिक्षा उत्तर प्रदेशच्या हद्दीत जायला कुरकुर करते. ॲपवरून टॅक्सी बोलावली, 340 रुपये. ते बाईंनी तांदळाच्या डब्यातून काढले. ना तात्यांनी दिले, ना भाईसाहबांनी. उसने पैसे द्यायचे नाहीत, हा दोघांचा पक्का नियम. पैसे दिले की पुढच्या वेळी माणूस पैशासाठीच फोन करतो.

सकाळी 9:00
गाझियाबाद, कमला नेहरू नगर. एम्सचं राष्ट्रीय व्यसनोपचार केंद्र. 1988 साली दिल्लीत सुरू झालेलं, 2003 मध्ये इथे आलं. खाटा 50. बाहेर बाकांवर बसलेल्यांत ट्रकवाले आहेत, कॉलेजची पोरं आहेत, इस्त्रीचा शर्ट घातलेला एक सरकारी बाबू आहे. प्रत्येकाच्या शेजारी एक बाई. आई, बायको, बहीण. बाप क्वचित.

रांग. खिडकी. अर्ज. पेन फिरत फिरत सहाव्या माणसाकडे गेलं. तात्या त्याच्यावर नजर ठेवून आहेत.

याच केंद्रानं देशभर पाहणी केली होती, तिचा अहवाल 2019 मध्ये आला. दारूचं व्यसन जडलेल्या दर 38 जणांमागे जेमतेम एकाला कसले तरी उपचार मिळतात, असं त्यात निघालं. तो एक इथे बाकावर बसलाय आणि बिस्किट पाण्यात बुडवून खायचा प्रयत्न करतोय. बिस्किट तुटून पडतं. भाईसाहब दुसरं देतात.

सकाळी 11:20
डॉक्टरीण तरुण आहे, भरभर विचारते. हात पुढे करायला सांगते, बोटं पाहते. ब-1 जीवनसत्त्वाचं इंजेक्शन, कापरं आणि फिट आवरायच्या गोळ्या. आज खाट आहे, ठेवून घेऊ, म्हणते. तात्या तिथे बोलत नाहीत. बाईंना हिंदी नीट येत नाही, तेवढंच समजावून सांगतात. औषधाबद्दल मत द्यायचं नाही. मीटिंगमधला एखादा जुना माणूस 'गोळ्या कशाला, मनाचं बळ हवं' असं नव्याला सांगताना दिसला, तर तात्या त्याला बाजूला घेऊन चांगला झापतात.

बाईंना वेगळीच काळजी. नवऱ्यानं दुकानातून 40,000 उचल घेतलीय. त्या शेठला काय सांगायचं? "आजारी हाय, भरती केलंय. एवढंच," तात्या म्हणतात. "खोटं न्हाईच ते." मग चिठ्ठीवर एका बाईचा नंबर लिहून देतात. पिणाऱ्यांच्या घरच्यांचा निराळा गट असतो, अल-अनॉन. "तुझ्यासाठी हाय तो. त्याच्यासाठी न्हाई."

पेन परत मिळालं. टोपण नाही.

दुपारी 2:40
भट्टी. तात्यांनी डाळ-भात उभ्यानंच खाल्ला. पायात बूट, नाकाला फडकं. आज जुन्या दागिन्यांचा माल आहे, टंच कमी. मुशीत सोनं, त्यात तिपटीच्या आसपास चांदी, वरून सवागीची चिमूट. गॅसची ज्योत, ब्लोअरचा आवाज. रस झाला की पाण्यात ओतायचा, दाणे पडतात. ते दाणे तेजाबात टाकले की तांबूस धूर उठतो. पंखा तो गल्लीत ढकलतो. गल्लीला त्याची सवय आहे. चांदी तेजाबात उतरते, तळाशी विटकरी भुकटी उरते. ती धुवायची, पुन्हा धुवायची, वाळवून परत मुशीत. मग कुठे पिवळा पासा.

चिमटा लांब दांड्याचा. तरी तात्यांच्या उजव्या हाताच्या पाठीवर केस नाहीत.

शेजारच्या भट्टीवरचा पोरगा तेविशीचा असेल. दिल्लीत दारूसाठी वयाची अट 25. तो नोएडाहून आणतो, तिथे 21 पुरतात. तात्यांना ठाऊक आहे. काही म्हणत नाहीत. पोराला त्यांचा नंबर ठाऊक आहे.

संध्याकाळी 6:40
एका शाळेची खोली, भाड्यानं. तात्या मीटिंगच्या पाऊण तास आधी येतात. झाडू मारतात. बाकं लहान मुलांची, मोठ्यांचे गुडघे अडतात, म्हणून भिंतीकडच्या 24 प्लास्टिकच्या खुर्च्या मांडायच्या. फलक टांगायचा. चहाचं पातेलं ठेवायचं. दोन लिटर दूध, पाव किलो चहापत्ती महिनाभर पुरते, साखर मात्र पुरत नाही. दारू सुटलेल्या माणसाला पहिले काही महिने गोडाची भयंकर ओढ असते. कपात तीन-तीन चमचे जातात.

दारात एक सराफ उभा. त्याचा भाऊ इथे येऊन सावरला. 5,000 रुपयांचं पाकीट पुढे करतो. तात्या हात जोडतात. बाहेरच्याचा पैसा घ्यायचा नाही, ही संघटनेची सातवी परंपरा. सराफ चकित. दिल्लीत दान नाकारणारी संस्था त्यानं पाहिली नसावी. "भावाला म्हणा, टोपलीत दहा टाक."

संध्याकाळी 7:30
मीटिंग. आजची सर्वांना खुली, म्हणून मला बसता आलं. आत ऐकलेलं बाहेर न्यायचं नाही, तेव्हा ते इथे लिहीत नाही. एवढंच सांगतो, दीड तासात कुणी कुणाला अडवलं नाही, आणि घरी जेवताना होतो त्यापेक्षा हशा जास्त झाला.

भिंतीवरच्या फलकावर दोन सालं होती. 1935, अमेरिकेतलं ॲक्रन, जिथे एक शेअरदलाल आणि एक शल्यविशारद दारू सोडायला एकमेकांचा आधार घेत बसले. आणि 1957, दिल्ली. भारतातली सुरुवात याच शहरात झाली, एका कॅनेडियन माणसाच्या खटपटीनं. भाईसाहबांना याचा इतका अभिमान, की जणू तेच त्याला विमानतळावर आणायला गेले होते.

रात्री 9:20
खुर्च्या परत भिंतीला. कप विसळणं. बाहेर ठेक्यापुढे गर्दी दाटलीय, दहाला शटर पडतं. मीटिंगमधले तिघे मुद्दाम लांबच्या गल्लीनं मेट्रोकडे जातात. एक म्हणाला, चार मिनिटं जास्त लागतात.

गाझियाबादहून निरोप आला: झोपलाय. फिट नाही. उद्या भाईसाहब जाणार, कारण तात्यांकडे उद्या दिवसभर माल आहे आणि खाडा परवडत नाही.

टोपलीत 410 रुपये. सेक्रेटरी वही उघडतो. भाडं 200, दूध 140, साखर-बिस्किटं 95. पंचवीस रुपये तूट. सेक्रेटरी म्हणतो, साखर मोजून द्या, माणशी एक चमचा. तात्या म्हणतात, चालायचं नाही, नवी पोरं पळतील. आवाज थोडा चढतो. शेवटी विषय महिन्याच्या बैठकीवर ढकलला गेला, तिथे हात वर करून ठरेल. तूट तेवढी वहीत लाल शाईनं लिहिली. बिनटोपणाच्या पेनात शाई निळी होती, म्हणून सेक्रेटरीचं घेतलं.