आकडा जुळला म्हणजे मॅगझिन खरे?

दोन्ही महायुद्धांत जर्मन सैनिकांच्या कमरेला असलेले लुगर पी.०८ हे पिस्तूल आज प्रामुख्याने युरोप-अमेरिकेतल्या संग्राहकांकडे आढळते. पिस्तूल घेताना हे लोक भिंग लावून एकेक भाग तपासतात. मुठीत बसणारे आठ काडतुसांचे मॅगझिन मात्र ‘बसतंय ना, मग झालं’ एवढ्यावर पुष्कळदा स्वीकारले जाते. मूळच्या मॅगझिनमुळे पिस्तुलाची किंमत बरीच चढते. त्यामुळे गफलत आणि फसवणूकही इथे भरपूर होते.

नीट बसते आणि चालते म्हणजे ते मूळचेच, हा पहिला गैरसमज. जर्मन लष्कराने हे पिस्तूल १९०८ मध्ये स्वीकारले, आणि दुसरे महायुद्ध संपल्यावरही त्याची मॅगझिन बनत राहिली. पूर्व जर्मनीच्या पोलिसांसाठी झालेल्या मॅगझिनच्या बुडावर ‘२/१००१’ अशी खूण असते. इटलीची मेक-गार कंपनी तर आधुनिक काळात नवी मॅगझिन बनवते आणि ती उत्तम चालतात. चालण्यावरून वय कळत नाही.

वय कळते ते बांधणीवरून. पहिल्या महायुद्धातल्या मॅगझिनचे बूड लाकडी असे. म्हणून लाकूड म्हणजे अस्सल आणि अॅल्युमिनियम म्हणजे नंतरची जोडणी, असे बरेच जण धरून चालतात. पण अॅल्युमिनियमचे बूड दोन युद्धांच्या मधल्या काळातच आले. १९३८ च्या पिस्तुलात ते असणे अगदी योग्य, उलट तिथे लाकडी बूड दिसले तर चौकशी करावी. चकाकणाऱ्या अंगाचेही तसेच. जुन्या मॅगझिनवर निकेलचा मुलामा कारखान्यातच दिलेला असे. तो पाहून ‘कुणीतरी नंतर चढवलाय’ म्हणत चांगली वस्तू नाकारू नये.

नंतरच्या मॅगझिनबद्दल एक खास घोटाळा आहे. पिस्तूल ओबर्नडॉर्फच्या माउझर कारखान्याचे आणि मॅगझिनवर मात्र ‘एफएक्सओ’ ही अक्षरे, म्हणजे जोडी चुकली, असा निष्कर्ष पटकन काढला जातो. ‘एफएक्सओ’ हे झूल गावच्या हेनेल कंपनीचे युद्धकाळातले सांकेतिक चिन्ह. जुने मॅगझिन पत्रा दुमडून केलेले, त्यामुळे त्याला सांधा असे. हेनेलची मॅगझिन सांध्याविना, अखंड नळीसारखी ओढून घडवलेली आणि काळसर निळ्या रंगाची होती. ती माउझरच्या पिस्तुलांसोबत सैन्याला दिली जात. १९४१ च्या माउझर लुगरमध्ये असे मॅगझिन सापडले तर ते तिथलेच असण्याची शक्यता दाट आहे.

आता आकड्यांकडे येऊ. ही खरी गुंतागुंतीची बाजू. लष्करी लुगरबरोबर दोन मॅगझिन मिळत आणि दोन्हींच्या बुडावर पिस्तुलाचा क्रमांक ठोकलेला असे. दुसऱ्याच्या क्रमांकासोबत ‘+’ अशी खूण असायची. जर्मन पोलिसांच्या पिस्तुलांवर तिच्याऐवजी १ आणि २ हे आकडे आढळतात. त्यामुळे ‘+’ पाहून काही भलतेच आहे असे समजू नये. ते जोडीतले दुसरे मॅगझिन.

पण क्रमांक जुळला की प्रश्न मिटला, हे मला मुळीच मान्य नाही. कैसरच्या काळात लष्करी क्रमांक दर वर्षी पुन्हा एकपासून सुरू होत. दहा हजार झाले की ‘ए’ अक्षर जोडून पुन्हा एक, मग ‘बी’. शिवाय बर्लिनचा डीडब्ल्यूएम कारखाना आणि एरफुर्टचा सरकारी कारखाना आपापले क्रमांक वेगळे चालवत. म्हणजे ४५१२ हा आकडा असलेली लुगर एक नव्हे, अनेक आहेत. आकड्याखालचे अक्षरही जुळायला हवे. तेही जुळले, तरी बुडाचा प्रकार आणि अंगाची बांधणी पिस्तुलाच्या सालाशी मेळ खाते का, हे पाहावेच लागते.

शिवाय आकडा नंतर ठोकता येतो. अॅल्युमिनियमच्या बुडावर तिरका उजेड टाकून ओरखडे पाहावेत. वापरात पडलेला ओरखडा सहसा आकड्याच्या खाचेवरून उडी मारून पुढे जातो, खाचेचा तळ कोरा राहतो. ओरखडा खाचेच्या तळातही उतरलेला दिसला, तर ओरखडा आधीचा आणि आकडा नंतरचा असण्याची शंका घ्यावी. जुन्या लाकडात खाचेत तेल-मळ मुरलेला असतो; भोवती काळपट लाकूड आणि खाच तेवढी उजळ, हे चिन्ह बरे नव्हे. बूड अंगाला एका आडव्या खिळीने जोडलेले असते. खिळी काढून खरे, क्रमांक असलेले बूड दुसऱ्याच अंगाला बसवता येते. खिळीच्या टोकांवर ताजे ठोके दिसतात का, तेही बघावे. लाकडी बूड हेनेलच्या अखंड अंगावर दिसले, तर ती नक्कीच जुळवाजुळव.

क्रमांक न जुळणारे मॅगझिन म्हणजे कचरा, हेही तितकेच चुकीचे. आघाडीवर मॅगझिन हरवत, मोडत, एकमेकांत मिसळत. शरणागतीनंतर हत्यारांचे ढीग लागले, तेव्हा कोणते मॅगझिन कशातले हे कोण बघणार? त्याच काळातले, योग्य बांधणीचे पण वेगळ्या क्रमांकाचे मॅगझिन मला बनावट आकडा ठोकलेल्यापेक्षा कितीतरी मोलाचे वाटते, कारण त्याच्यावर कुणी खोटे लिहिलेले नाही.

वाल्थर पी.३८ या दुसऱ्या जर्मन लष्करी पिस्तुलाला लुगरचा नियम लावणे ही आणखी एक नेहमीची चूक. त्याच्या युद्धकाळातल्या मॅगझिनवर सहसा पिस्तुलाचा क्रमांक नसतो, त्यामुळे क्रमांक शोधत बसण्यात अर्थ नाही. इथे पाहायची ती ‘पी.३८’ ही खूण आणि लष्करी तपासनिसाचा गरुडाचा शिक्का. वाल्थरच्या कारखान्यातला शिक्का गरुडाखाली ३५९. ‘जेव्हीडी’ अशी अक्षरे असतील तर मॅगझिन बाहेरच्या पुरवठादाराचे. ते नकली नव्हे. सावध राहायचे ते युद्धानंतरच्या पी.१ पिस्तुलाच्या मॅगझिनपासून. पश्चिम जर्मन सैन्याची ही मॅगझिन पी.३८ मध्ये बेमालूम बसतात, पण त्यांच्यावर फडकत्या पट्टीतले वाल्थरचे नाव असते आणि गरुडाचा तो शिक्का नसतो.