मायर, व्हिव्हियन
(१ फेब्रुवारी १९२६–२१ एप्रिल २००९). अमेरिकन हौशी छायाचित्रकार. जन्म न्यूयॉर्क येथे. बालपणाचा काही काळ फ्रान्समध्ये गेला. १९५६ पासून शिकागोत मुले सांभाळण्याची नोकरी करीत असता तिने रस्त्यांवरील दैनंदिन जीवन टिपले. तिचा रोलायफ्लेक्स कॅमेरा छातीशी धरून त्यात वरून पाहावे लागे. त्यामुळे समोरची व्यक्ती बहुधा सावध होत नसे. वाटसरू, मुले, निराधार माणसे तसेच आरशातील स्वतःचे प्रतिबिंब हे तिचे आवडते विषय. एक लाखाहून अधिक छायाचित्रे घेऊनही तिने ती क्वचितच कोणाला दाखविली. फिल्मची शेकडो रिळे तर धुतलीही नव्हती. गुदामाचे भाडे थकल्याने २००७ मध्ये हा संग्रह लिलावात विकला गेला. तिच्या मृत्यूनंतर प्रसिद्ध झालेली बहुतेक छायाचित्रे इतरांनी निवडलेली असल्याने तिची स्वतःची पसंती त्यांवरून ठरविता येत नाही.