नाताळापूर्वींचे चार आठवडे

दौंड आणि शिरूर यांसारख्या गांवांत नाताळ जवळ आला हें सामान्य नागरिकाला बाजारावरून कळतें. दुकानांपुढें कागदी तारे लोंबूं लागतात, बेकरीवाले केकच्या पाट्या लावतात. याच दिवसांत कोणी कॅथलिक चर्चमध्यें डोकावलें तर मात्र त्याला अगदीं उलट देखावा दिसेल. वेदीवरील फुलें बेताचीं, धर्मगुरूंच्या अंगावर जांभळा झगा आणि मिस्सेंतील गौरवगीत गाळलेलें. ज्या घरचा हा सण, त्याच घरांत ही सामसूम कां, असा प्रश्न शेजाऱ्याला पडणें साहजिक आहे.

त्याचें उत्तर असें कीं, त्या घरांत सण अद्याप आलेलाच नसतो. त्याची वाट पाहणें चालू असतें. या वाट पाहण्याच्या दिवसांना मराठी कॅथलिक ‘आगमनकाळ’ म्हणतात. नाताळापूर्वींच्या चार रविवारांपैकीं पहिल्या रविवारीं तो लागतो. म्हणजे लवकरांत लवकर २७ नोव्हेंबरला आणि उशिरांत उशिरा ३ डिसेंबरला. २०२२ सालीं नाताळ रविवारीं आला, म्हणून चारही आठवडे पुरे भरले. २०२३ सालीं तो सोमवारीं आला, तेव्हां चवथा रविवार २४ डिसेंबरलाच पडून सारा काळ अवघ्या २२ दिवसांत आटोपला. चर्चचें उपासनावर्षही जानेवारींत नव्हे, तर आगमनकाळाच्या पहिल्या रविवारीं सुरू होतें. वर्षाचा आरंभ वाट पाहण्यानें करावयाचा, ही कल्पना मोठी अर्थपूर्ण आहे.

वाट कोणाची पाहावयाची? येशूचा जन्म तर दोन हजार वर्षांपूर्वीं होऊन गेला. १२ व्या शतकांतील संत बर्नार्ड यांनीं याचा उलगडा केला आहे. त्यांच्या मतें प्रभूचें येणें तीन प्रकारचें: एक बेथलेहेमांत होऊन गेलें, एक जगाच्या अंतीं व्हावयाचें आहे, आणि या दोहोंच्या मधलें येणें माणसाच्या अंतःकरणांत होतें. पहिल्या दोन प्रकारांना माणसाचा इलाज नाहीं. तिसऱ्यासाठीं मात्र घर झाडून ठेवावें लागतें. १६ डिसेंबरपर्यंतच्या प्रार्थनांचा रोख मुख्यतः जगाच्या अंतींच्या आगमनाकडे असतो, आणि १७ तारखेपासून तो जन्मोत्सवाकडे वळतो. तिसऱ्या रविवारीं जांभळ्याऐवजीं गुलाबी झगा घालण्याची मुभा आहे. अर्धी वाट सरली, आतां आनंद करा, अशी ती खूण होय. ईस्टरपूर्वींच्या उपवासकाळांत ‘आलेलुया’ हा जयघोष वर्ज्य असतो, आगमनकाळांत तो चालतो. यावरूनच या दिवसांचें स्वरूप शोकाचें नव्हे हें ध्यानांत येईल.

मराठी वाचकाला ही दृष्टि अपरिचित वाटूं नये. १५७९ सालीं गोव्यांत आलेले इंग्रज जेझुइट फादर थॉमस स्टीफन्स यांचें ओवीबद्ध ‘क्रिस्तपुराण’ १६१६ सालीं रायतूर येथें छापलें गेलें. येशूची कथा सांगावयाला बसलेल्या या कवीनें आरंभींचें सबंध ‘पहिलें पुराण’ सृष्टीच्या उत्पत्तीपासून तारणाऱ्याची वाट पाहणाऱ्या पिढ्यांना वाहिलें आहे. ख्रिस्तजन्म येतो तो दुसऱ्या पुराणांत. श्रोत्याला आधीं तहान लागली पाहिजे, मग पाणी, हें त्यांनीं बरोबर ओळखलें होतें. आगमनकाळांत चर्चमध्यें यशया संदेष्ट्याचीं वचनें वाचतात, त्यांतील हेतु हाच. १९६० नंतरच्या दशकांत दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेच्या निर्णयानुसार लॅटिनची जागा लोकभाषांनीं घेतली, तेव्हांपासून हीं वचनें आपल्याकडील शेतकऱ्याला व मजुराला स्वतःच्या बोलींत ऐकूं येऊं लागलीं.

शिरूर व दौंड हीं दोन्ही ठिकाणें १८८६ सालीं स्थापन झालेल्या पुणें धर्मप्रांताच्या हद्दींत येतात. पण दोहोंचा पिंड वेगळा. दौंड हें भीमाकांठचें गांव १८७८ सालीं मनमाडचा फांटा सुरू झाल्यावर जंक्शन म्हणून वाढलें. रेल्वेच्या नोकरीनें तेथें नाना भाषांचीं माणसें आणलीं. शिरूर घोड नदीच्या कांठीं; नदी ओलांडली कीं नगर, म्हणजे आतांचा अहिल्यानगर जिल्हा लागतो. त्या जिल्ह्यांत १९ व्या शतकाच्या अखेरीपासून जेझुइट धर्मगुरूंनीं गांवोगांवीं मराठी कॅथलिक मंडळ्या उभ्या केल्या. एका गांवीं गाड्यांच्या वेळा, दुसऱ्याच्या आसपास रांजणगांवच्या कारखान्यांच्या तीन पाळ्या. शिवाय याच महिन्यांत ऊसतोड ऐन भरांत. अशा ठिकाणीं चार आठवडे रोज सायंकाळीं प्रार्थनेला बसा म्हणणें सोपें, बसणें अवघड. म्हणून तयारीचा खरा भार कशावर आहे हें नीट समजून घेणें अवश्य आहे.

तो भार पापनिवेदनावर आहे. गोमंतकांत यालाच ‘कुमसार’ म्हणतात. गंभीर पापांचें निवेदन वर्षांतून एकदां तरी करावें, असा नियम १२१५ सालच्या लॅटरन परिषदेनें घालून दिला. तथापि नाताळापूर्वीं तें करण्याची वहिवाट घरोघर आहे. त्याचीं अंगें अशीं कीं, प्रथम आपल्या वर्तनाची झडती घ्यावयाची, मग पश्चात्ताप, पुन्हां तसें न करण्याचा निश्चय, धर्मगुरूंपाशीं कबुली आणि शेवटीं त्यांनीं सांगितलेलें प्रायश्चित्त. पुष्कळांची समजूत अशी कीं कबुली दिली कीं खातें कोरें झालें. तें तसें नाहीं. दुसऱ्याचें जें घेतलें तें शक्य तोंवर परत केलें पाहिजे, अशी चर्चची शिकवण आहे. भावाचा बांध कोरला असेल तर बांध मागें घ्यावयाचा. चार वर्षांचा अबोला असेल तर वेदीपाशीं येण्याआधीं त्याच्या उंबऱ्याशीं जावयाचें. तारे टांगण्यापेक्षां हें काम किती जड आहे, हें भाऊबंदकी पाहिलेल्या कोणाही महाराष्ट्रीयाला निराळें सांगावयास नको.

या बाबतींत स्नानसंस्कारक योहान याचा उपदेश फार उपयोगीं पडतो. वाचनांचें चक्र तीन वर्षांचें असून, ज्या वर्षीं लूकचें शुभवर्तमान असतें त्या वर्षीं तो तिसऱ्या रविवारीं ऐकावयास मिळतो. २०२४ सालीं १५ डिसेंबरला तो वाचला गेला. लोक योहानाला विचारतात, आम्हीं काय करावें? तो कोणालाही रानांत चल म्हणत नाहीं. दोन अंगरखे असतील त्यानें एक द्यावा. जकातदारानें ठरल्याहून अधिक घेऊं नये. शिपायानें कोणाला नाडूं नये व पगारांत समाधान मानावें. प्रत्येकाला त्याच्या धंद्यांतलेंच उत्तर! तोच प्रश्न भीमेकांठीं कोणी विचारला, तर मुकादमानें टोळीच्या हिशेबांतून उचल दोनदां कापूं नये, वजन करणाऱ्यानें काटा मारूं नये, आणि घरमालकिणीनें मोलकरणीचा पगार सणानंतरवर ढकलूं नये, अशींच उत्तरें निघतील.

उपवासाचा नियम आतां सैल आहे. पूर्वीं नाताळाच्या आदल्या दिवशीं उपवास करणें बंधनकारक होतें. आज तसें बंधन नाहीं, आणि आवड प्रत्येकावर सोपविली आहे. शेजारच्या घरीं बहुधा याच सुमारास मार्गशीर्षांतील गुरुवार पाळले जात असतात, हें पाहून कित्येक कॅथलिक गृहिणींना आपणही कांहीं सोडावें असें वाटतें, व तें योग्यच आहे. करंज्या व कलकल करून डबा भरून ठेवावयाचा आणि मुलांनीं २५ तारखेपर्यंत झांकण उघडावयाचें नाहीं, हाही मुलांच्या वयाला साजेसा उपवासच.

बाह्य साधनांबद्दल थोडेंसें. चार मेणबत्त्यांचें हिरवें कडें, ज्यांतील एक एक मेणबत्ती दर रविवारीं लावतात, तें मूळ प्रॉटेस्टंटांचें. १८३९ सालीं हांबुर्ग येथील पाद्री योहान व्हिशर्न यांनीं आपल्या आश्रमांतील मुलांना नाताळ किती दिवसांवर आला हें कळावें म्हणून गाडीच्या चाकावर मेणबत्त्या लावल्या. त्याला विलायती सूचिपर्णच हवें असें नाहीं. आपल्याकडे अशोकाचीं किंवा आंब्याचीं पानें शोभतात. गव्हाणीची चाल संत फ्रान्सिस यांनीं १२२३ सालीं इटलींतील ग्रेच्चो येथें पाडली. ती मांडावयास हरकत नाहीं, पण त्यांतलें गवत बाळाविना रिकामें राहूं द्यावें. कांहीं घरांत मुलें एखादें चांगलें काम करून त्यांत एक एक काडी टाकतात.

२४ तारखेच्या रात्रीं जांभळें वस्त्र निघून पांढरें येतें, गौरवगीत पुन्हां गाइलें जातें, घंटा वाजतात आणि बाळाची मूर्ति गव्हाणींत ठेवितात. रात्रपाळीवर असलेला मनुष्य सकाळच्या मिस्सेला येतो; तीही तितकीच नाताळची. बाजारांतले तारे नववर्षाबरोबर उतरूं लागतात, पण चर्चमधला नाताळ जानेवारींत प्रभूच्या स्नानसंस्काराच्या सणापर्यंत चालूच असतो.